मोठीमायचा पिंजरा

मोठीमायने आयुष्यात कुठल्या गोष्टीला चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. नवी साडी दाखवली की पदराचं टोक दोन बोटांत चुरगळून ती म्हणायची, "पोतेरं बरं होईन याचं." नवं घर दाखवलं की भिंतीवर मूठ आपटून म्हणायची, "पोकळ हाय." नवरदेव दाखवला तर त्याला चुरगळता किंवा ठोकता येत नसे, म्हणून ती त्याच्याकडे टाळूपासून चपलांपर्यंत नुसती बघायची आणि नाकातून हवा सोडायची. माझी दोन स्थळं त्या हवेने उडाली. त्यातला एकजण आता गोंदियात यशस्वी कसं व्हावं यावर भाषणं देतो. त्याचं पोस्टर दिसलं की मला मोठीमायच्या नाकाबद्दल आदर वाटतो.

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्याकडे थोरल्या काकूला मोठीमाय म्हणतात आणि काकांना मोठेबाबा. सौंदड स्टेशनवर उतरून बरंच आत जावं लागतं असं त्यांचं गाव. गावाच्या डोक्यावर तलाव, तलावाला मातीची लांबलचक पाळ आणि पाळीच्या पायथ्याशी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. हा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला, असं आमच्या घरातले पुरुष प्रत्येक पाहुण्याला छाती फुगवून सांगत. मोठीमाय चहाचे कप घेऊन आतून यायची. "यायच्या आज्याच्या आज्यानं बांधला," ती पाहुण्यांना म्हणायची, "यायच्यानं गाळ बी काढणं होत नाही." पुरुष चहा पिऊ लागत. दुसरं काही करण्यासारखं नसे.

मोठेबाबा तिच्या अगदी उलट. त्यांना सगळंच चांगलं वाटायचं. पाऊस आला तर चांगला, नाही आला तर "येईन ना बाप्पा". असा माणूस सरकारी लिलावात गेला तर काय आणणार? त्यांनी एक उघडी जीप आणली. वर कापडी छत आणि छताला आधार म्हणून बोटाएवढ्या जाडीच्या कांबी. जीप अंगणात आली तेव्हा मोठीमाय तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. "डब्बा हाय," म्हणाली, आणि पाखडत राहिली. त्या दिवसापासून गाडीचं नाव डब्बा. रोज संध्याकाळी मोठेबाबा डब्बा घेऊन पाळीवरून जायचे, तलावाला पाणी किती, पाळ कुठे पाझरते ते बघायचे. परत आले की ती विचारायची, "पाणी होतं का गेलं पळून?" ते हसायचे. त्यांचा संसार असा चालला होता. बाहेरच्यांना वाटायचं भांडण चालू आहे.

एका श्रावणात मोठेबाबा गेले. पाळ आठवडाभराच्या पावसाने फुगलेली होती. पाण्याकडे बघण्याच्या नादात त्यांची डावी चाकं कडेला गेली आणि कड सुटली. खाली बांधीत निंदायला आलेल्या बायांनी पाहिलं. गाडी वेगात नव्हती, त्या सांगत. बैल बसावा तशी हळूच आडवी झाली आणि मग बांधीत पालथी पडली. बांधीत पाणी घोट्याएवढं. पण छताच्या कांबी काडीसारख्या वाकल्या आणि गाडीचं सगळं ओझं मोठेबाबांच्या छातीवर आलं. ट्रॅक्टर आणून गाडी उचलेपर्यंत सगळं संपलं होतं.

मोठीमाय बांधीत उतरली, त्यांच्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पायानं चालता येत नव्हतं का?" त्यानंतर तेरवीपर्यंत ती फारसं बोलली नाही. तिला रडवायला आलेल्या बाया, आणि आमच्याकडे त्यातल्या काही फार पटाईत आहेत, रिकाम्या हाताने परत गेल्या. हिचं काळीज दगडाचं आहे असं त्यांनी गावभर सांगितलं. त्यांचं काळीज कसलं होतं ते मला माहीत आहे. तेरवीच्या जेवणात वांग्याची भाजी आपल्यापर्यंत पोचली नाही, ही तक्रार त्या पुढच्या सणापर्यंत करत होत्या.

डब्बा गोठ्याशेजारच्या पडवीत ढकलला गेला. त्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, रचली गेली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. गाडी विकत घ्यायला माणसं यायची. मोठीमाय त्यांना बाजेवर बसवायची, पाणी द्यायची आणि हाकलून लावायची. एकाला म्हणाली, "तुले चालवता येईन असं दिसत नाही." दुसऱ्याला म्हणाली, "कोंबड्यायले विचारून सांगीन." माझे वडील एकदा गहिवरून म्हणाले, "दादाची आठवण म्हणून ठेवली ना, वयनी?" तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते अंगणात निघून गेले. "आठवण कायची?" ती मला म्हणाली. "लोखंड हाय थे."

मी त्या काळात गोंदियात ट्रॅक्टरच्या एका शोरूममध्ये सर्व्हिस काउंटरवर होते. नावाला काउंटर, दिवसभर ट्रॅक्टर वर्कशॉपमधून आत-बाहेर करण्याचं काम माझ्याकडे असायचं आणि ते मला आवडायचं. त्याच सुमारास गोंदियात जीपगाड्या चिखलात घालायचं वेड आलं. राइस मिलवाल्यांची आणि ठेकेदारांची मुलं एकत्र आली, त्यांनी क्लब काढला, एकसारखी जॅकेटं शिवून घेतली. त्यांच्या गाड्यांवर जेवढे स्टिकर होते तेवढा चिखल त्यांना कधी लागलेला नव्हता. क्लबचा अध्यक्ष म्हणजे गॉगल होता. तो सावलीतही काढत नसे. मलाही गाडी उतरवायची आहे असं मी सांगितलं तेव्हा तो प्रेमाने म्हणाला, "मॅडम, आप टाइम नोट कीजिए ना. लेडीज का हँडरायटिंग अच्छा रहता है."

त्या गॉगलसाठी तरी मला गाडी हवी होती. मी सुट्टी काढून गावी गेले आणि मोठीमायला म्हटलं, "डब्बा मले दे ना."

"कायले?"

"चिखलातल्या शर्यतीत चालवाचा हाय."

"आपल्या घरचा एक मेला थे पुरलं नाही का तुले?" ती म्हणाली आणि कोंबड्यांना कणी टाकायला उठली. विषय संपला.

तो उघडला क्लबनेच. धान कापून झाले, तलाव आटून काठाला गाळ उघडा पडला, आणि या मंडळींना आमच्या गावचा काठ सापडला. सरपंचाने आनंदाने परवानगी दिली, कारण त्याला हार घालणार होते. मी वेळ नोंदवायला गेले होते, अक्षर चांगलं असल्यामुळे. पहिल्या तासाभरातच एका गाडीने मोठीमायच्या बांधीचा धुरा तोडला, म्हणजे बांधीभोवतीची मातीची कड, जी बांधायला माणसाची कंबर मोडते. कोणीतरी जाऊन तिला सांगितलं. मोठीमाय काठी घेऊन निघाली. ती येताना दिसली तेव्हा मी सगळ्यांना सांगायला हवं होतं की गाड्या घ्या आणि पळा. मी सांगितलं नाही. मला बघायचं होतं.

पण ती पोचली त्याच क्षणी एक जीप पाळीचा उतार चढता चढता थांबली, मागे घसरली, आडवी झाली आणि कोलांटी खाऊन पालथी पडली. चारी चाकं वर. लोक ओरडले, अर्धे मदतीला धावले आणि अर्धे मोबाइल काढून उभे राहिले. मोठीमाय होती तिथेच थांबली. काठी तिच्या हातात तशीच वर होती.

पालथ्या गाडीच्या आतून पट्टा सुटल्याचा आवाज आला. मग जाड पाइपांच्या मधून एक हेल्मेट बाहेर आलं, खांदे आले, आणि तो गडी रांगत बाहेर येऊन उभा राहिला. कपडे झटकले. दोन्ही हात वर केले. टाळ्या पडल्या.

मोठीमाय त्याच्याकडे बघत राहिली. ती गाडीजवळ गेली, वाकली, आणि ड्रायव्हरच्या सीटभोवतीच्या त्या पाइपांवर हात फिरवला. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने वळून मला विचारलं, "हा काऊन नाही मेला?"

मी सांगितलं की याला पिंजरा म्हणतात. गाडी उलटली तरी हा चेपत नाही, आतल्या माणसाला जागा राहते, पट्टा बांधलेला असला की माणूस वाचतो.

"कुठं भेटते हे?"

"गोंदियालेच बनवून देतेत."

"तवाबी भेटत होतं?"

हो म्हणायला मला जड गेलं. पण तिच्याशी खोटं बोलणं कोणाला जमलेलं नव्हतं. "भेटत होतं," मी म्हटलं.

तिने पाइपावरचा हात काढून घेतला. मग तिला तो गडी दिसला. तो कोणाच्या तरी मोबाइलसमोर आपण कसे पडलो ते सांगत होता. "हासून काय राहिला रे?" ती गरजली. "माह्या बांधीचा धुरा कोण बांधन, तुहा बाप?" त्या दुपारी गोंदियाच्या मिलवाल्यांच्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा फावडं धरलं. ते कुठल्या बाजूने धरायचं तेही मोठीमायने सांगितलं, आणि गॉगल काढायला लावला.

त्यानंतर काही दिवसांनी तिचा फोन आला. फोनवर ती नमस्कार-चमत्कार करत नसे. "डब्बा घेऊन जाय. पिंजरा बसव. मी बी येऊन राहिली."

डब्बा ट्रकवर चढवून गोंदियाला आणला. शहराबाहेर एका मिस्त्रीचं वर्कशॉप होतं, तिथे उतरवला. मोठीमाय ट्रकच्या केबिनमध्ये बसून आली आणि वाटभर ड्रायव्हरला गिअर कधी बदलायचा ते सांगत आली. उतरताना ड्रायव्हरने तिच्या पाया पडून सुटका करून घेतली. वर्कशॉपमध्ये एका जुन्या टायरवर ती बसली. अध्यक्षही आला होता. त्याच्या मित्राचं नागपुरात दुकान होतं आणि तिथे तयार पिंजरा मिळायचा, खोक्यातून येणारा, नटबोल्टने कसायचा.

"माँजी, बोल्टवाला लीजिए," तो म्हणाला. "आधे दिन में फिट. मन भर गया तो खोल के रख दो. गाडी वैसी की वैसी. वेल्डिंग मतलब गाडी काटना, फिर वापस कुछ नहीं होता."

आयुष्यात एवढं एक बोलणं त्याने बरोबर केलं होतं. मलाही तेच हवं होतं, पण कारण वेगळं होतं. ती मोठेबाबांची गाडी होती. मोठीमाय काहीही म्हणो, उद्या तिला ती पुन्हा होती तशी बघावीशी वाटली तर पिंजरा काढता यायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मिस्त्री गाडीखाली गेला, टॉर्च मारली, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "बोल्टवाल्यात वाईट काही नाही, माय. नवी गाडी असती, खालचा पत्रा धड असता, तर वरून-खालून जाड पट्ट्या देऊन मीच कसून दिला असता. मधूनमधून नट आवळत राहायचे, बस. पण या गाडीचा पत्रा कुजला आहे. याला पिंजरा कसला आणि गाडी उलटली, तर पिंजऱ्याचे पाय पत्रा फाडून खाली जातील. मग पिंजरा असून काय फायदा? मी तर पत्रा कापून पाय थेट चासीला, खालच्या सांगाड्याला, वेल्ड करीन."

"मंग कधी निघन का थो?" मोठीमायने विचारलं.

"कापल्याशिवाय नाही निघणार."

"खालचा पत्रा नवा टाकून देऊ," मी घाईने मध्ये पडले. "त्याच्यावर बोल्टवाला बसवू. मोठीमाय, उद्या तुले वाटलं, गाडी पहिले होती तशी पाहिजे, तं पिंजरा काढता येईन."

ती टायरवरून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तिरस्काराचे सगळे प्रकार मी पाहिले होते, पण त्या दिवशीची नजर वेगळी होती. ती चिडलेली नव्हती.

"होती तशी कायले पाहिजे वो मले?" ती म्हणाली. "होती तशी होती म्हणून तं मेला ना थो."

अध्यक्षाने गॉगल काढून शर्टाला पुसला, मग तो तसाच हातात धरून उभा राहिला.

"काप," मोठीमाय मिस्त्रीला म्हणाली.

त्याने आधी खालचा पत्रा कापून काढला. ड्रायव्हरच्या बाजूचा तुकडा बाहेर आला तेव्हा मी पाहिलं, पायाशी एक जागा घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. इतकी वर्षं मोठेबाबांची टाच तिथे टेकत होती. मोठीमायनेही पाहिलं. मिस्त्रीने विचारलं, "ठेवायचा आहे का, माय?" ती म्हणाली, "आता याच्यात भाकर थापू का मी? टाक तिकडं." तुकडा भंगारात जाऊन पडला. मिस्त्रीने वेल्डिंग सुरू करताना तिला बजावलं की ठिणगीकडे बघू नका, डोळे जातात. "गेले डोरे तं गेले," ती म्हणाली, "पाहाचं काय राहिलं हाय?" पण तिने टायर फिरवून घेतला आणि आमच्याकडे पाठ करून बसली. मिस्त्रीचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. तेवढा वेळ ती तशीच बसून होती. मला तिचा अंबाडा दिसत होता आणि खांदे. मी तिच्या समोर गेले नाही.

पिंजरा चांगला झाला. ती म्हणाली, "जेलखाना हाय." पण म्हणताना तिने एक पाइप धरून सगळ्या अंगानिशी हलवून पाहिला होता, आणि तो हलला नव्हता.

क्लबची पुढची शर्यतही आमच्याच काठावर होती आणि तिच्यात आता माझंही नाव होतं. इंजिन दुरुस्त करून डब्बा गावी परत आणला, तर शर्यतीआधी मोठीमायने एक अट घातली. आधी तिला बसवून पाळीवरून जायचं. मी नाही म्हटलं. ती जाऊन बसली. पट्टे कसे बांधायचे ते तिला दाखवलं, तर म्हणाली, "म्हशीले बी येवढे दोर नाही बांधत." हेल्मेट घातल्यावर तिने आरशात पाहिलं आणि बघायचं तिथेच थांबवलं. मी पहिल्या गिअरमध्ये पाळीवर चढले. हिवाळ्यातली कोरडी, घट्ट पाळ होती, धोका काही नव्हता, तरी मी गिअर बदलला नाही. तिने समोरचा पाइप दोन्ही हातांनी धरला होता. वाटभर बोलत होती, मी डावीकडे फार जाते, उजवीकडे फार जाते, ब्रेक बायकांसारखा दाबते. मग एका ठिकाणी म्हणाली, "थांबव."

मी थांबवलं. जागा दोघींनाही माहीत होती. कड पुन्हा भरून घेतलेली होती, तिच्यावर गवत वाढलं होतं. खाली कापलेल्या धानाची बांधी, तिच्यात बगळे. ती पट्ट्यात बांधलेली होती म्हणून नीट वाकता येत नव्हतं. पाइपांच्या मधून मान काढून तिने खाली बघितलं.

"येवढ्याशा जागेत मेला बाप्पा," ती म्हणाली. "येवढ्याशा जागेत."

तिच्या आवाजात तोच नेहमीचा तुच्छतेचा सूर होता. पण हेल्मेटच्या खालून पाणी वाहत होतं. तिला ते पुसता येत नव्हतं, कारण पाइप सोडायला ती तयार नव्हती. मी इंजिन चालू ठेवलं आणि समोर बघत बसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "डिझल जळून राहिलं, पोट्टे. चाल."

शर्यतीचं सांगण्यासारखं फार नाही. तिसऱ्या खड्ड्यात डब्बा कुशीवर पडला आणि मी पट्ट्यात लटकून राहिले. क्लबवाले धावत आले, पण त्यांच्या आधी चिखलात गुडघ्यापर्यंत रुतत मोठीमाय पोचली. पाइपांच्या मधून तिचं तोंड दिसलं. तोंडावर रंग नव्हता.

"मेली का?"

"नाही."

"मंग बाहेर निघ. लोक पाहून राहिले."

मी बाहेर आले. तिने माझे दोन्ही दंड आणि मान चाचपून पाहिली, साडीचं कापड बघावं तशी, आणि चिखलातून परत निघाली. माझा नंबर शेवटून दुसरा आला. शेवटचा नंबर अध्यक्षाचा. त्याच्या खोक्यातल्या पिंजऱ्याचे नट त्याने एकदाही आवळले नव्हते. निम्म्या वाटेत पिंजरा घंटेसारखा वाजायला लागला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. नंतर त्याने मला सांगितलं की बोल्टचा पिंजरा बेकार असतो. मी त्याला पाना दाखवला.

शर्यतीनंतर मला वाटलं होतं की डब्बा माझाच झाला. मी न्यायला गेले तर मोठीमाय ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली. "मले शिकव," म्हणाली. साठी ओलांडलेली बाई. मी समजावून पाहिलं. ती म्हणाली, "थो शिकला. थ्याच्यापेक्षा तं माह्यात अक्कल जास्त हाय." कापलेल्या बांध्यांमध्ये मी तिला शिकवलं. ती क्लचला शिव्या द्यायची, गिअरला शिव्या द्यायची, मला तर द्यायचीच. पण संक्रांतीच्या सुट्टीत सुरू केलेलं होळीपर्यंत तिला आलं. मग रोज संध्याकाळी पदर खोचून, पट्टा बांधून, हेल्मेट न घालता ती पाळीवर जायची. पाणी किती आहे, कुठे पाझरतंय ते बघून यायची आणि पुरुषांना कामाला लावायची. तिच्या काळात पाळ जेवढी दुरुस्त झाली तेवढी पूर्वजांनंतर कोणी केली नव्हती. पंचायतीचा एक सदस्य तिला म्हणाला, "माय, तुमचा सत्कार करायचा आहे." ती म्हणाली, "सत्कार नोको, मुरूम टाक."

दोन पावसाळ्यांआधी ती आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं आणि ते तिने फार दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. गोंदियाच्या दवाखान्यात आणलं तर डॉक्टरला म्हणाली, "तू माह्याकडं पाय, त्या टीव्हीकडं काय पाहून राहिला?" उपचाराने फार काही होणार नाही हे कळल्यावर ती गावी परतली. मी सुट्टी टाकून तिच्याजवळ राहिले. अंगणाकडच्या खोलीत तिची बाज टाकली होती. भेटायला येणाऱ्यांना ती डोळे मिटून घेऊन हाकलायची; फार बोलायची ताकद आता उरली नव्हती, पण तेवढं जमत होतं.

मी आले त्याच आठवड्यात ती गेली. माझ्याशी ती शेवटचं बोलली ते त्याआधी एका दुपारी. सकाळपासून ती पडून होती, मी ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसत होते. ती मध्येच म्हणाली, "डब्बा चालू करून पाहिला का? ब्याटरी उतरली असन."

मी पडवीत गेले. गाडी बरेच दिवस बंद होती. किल्ली फिरवली, इंजिन खोकलं, थांबलं. दुसऱ्यांदा फिरवली आणि जोरात पाय दाबला तेव्हा ते लागलं. सगळं अंगण धुराने भरलं. शेजारचे डोकावले. मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, तिला आतून ऐकू यावं म्हणून. मग बंद करून परत आले.

तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली.

"रेस जास्त देऊन राहिली होती तू," ती डोळे न उघडता म्हणाली. "थंड्या इंजनले येवढी रेस देते का कोणी?"

"पुढच्या वेळी नाही देत, मोठीमाय."

"देशीन," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.